ट्रीखाली ट्रेन फिरवायचीय? आधी टेप घ्या, मग इंजिन बघा

नोव्हेंबर संपत आला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा मला फोटो येतोच, कुठल्यातरी खेळण्यातल्या ट्रेन सेटच्या खोक्याचा, आणि खाली एकच ओळ, "हा घेऊ का गं?" आणि माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, की ख्रिसमस ट्रीचा स्टँड किती पसरतो ते आधी सांग. समोरच्याला वाटतं मी विषय बदलतेय, पण खरंच सगळं तिथूनच सुरू होतं. टेबलावर कायमचा लेआउट करायचा असेल तर तुम्ही गाडीला हवी तेवढी जागा करून देऊ शकता, ट्रीखाली मात्र जागा आधीच ठरलेली असते, मधे झाड, त्याचे पाय, वरून खाली वाकलेल्या फांद्या, बाजूला भिंत, आणि चोवीस तारखेनंतर गिफ्ट्सचा ढीग. त्या सगळ्यातून जी गाडी न अडखळता फिरेल ती आपली गाडी, मग खोक्यावरचं चित्र कितीही भारी असो.

तर टेप घ्या आणि तीन मापं काढा. स्टँडचे पाय एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती, झाडाभोवती मोकळी जमीन किती (भिंतीच्या बाजूची जास्त जपून मोजा, तीच नेहमी कमी पडते), आणि सगळ्यात खालची फांदी जमिनीपासून किती वर. तिसरं माप कोणी घेतच नाही. फांदीवर दागिने लटकले की ती अजून खाली येते, आणि मग इंजिन प्रत्येक फेरीला एका काचेच्या गोळ्याला टक्कर देत जातं.

आता साइझ. बाजारात नावं पुष्कळ दिसतात पण ट्रीखाली ज्यांचा विचार करावा अशी मुख्य चारच आहेत, जी, ओ, एचओ आणि एन. जी सगळ्यात मोठी, रुळांमधलं अंतर 45 मिमी, जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने एलजीबी नावाने 1968 साली ही आणली, खरं तर बागेत चालवता येईल अशी म्हणून. ओ म्हणजे 32 मिमी. एचओ 16.5 मिमी, जगात सगळ्यात जास्त हीच खपते. आणि एन फक्त 9 मिमी. प्रमाण बघायचं तर एचओ खऱ्या गाडीच्या 87 पट लहान, एन 160 पट, ओ अमेरिकेत 48 पट आणि युरोपात थोडी वेगळी, 43.5 किंवा 45, आणि जीमध्ये एलजीबीचं मूळ प्रमाण 22.5 पट.

हे आकडे कागदावर ठीक, जमिनीवर याचा अर्थ काय होतो ते महत्त्वाचं. जीमधलं एलजीबीचं सगळ्यात घट्ट वळण 60 सेंटिमीटर त्रिज्येचं असतं, म्हणजे पूर्ण गोल टाकला तर बाहेरून मोजून सव्वा मीटरच्या वरच जातो, आणि गाडीची उंची रुळासकट वीस सेंटिमीटरच्या आसपास. मोठा हॉल, उंच झाड असेल तर ही गाडी इतकी रुबाबदार दिसते की दुसरं काही बघावंसंच वाटत नाही, पण लहान खोलीत ती सगळी जागा खाऊन टाकते. ओ गेजमध्ये (गेज म्हणजे रुळांमधलं अंतर) लायोनेल या अमेरिकन कंपनीच्या सेटमध्ये नेहमी येणारं वळण 36 इंच व्यासाचं, रुळाखालचा प्लास्टिकचा पाया धरून गोल बाहेरून साधारण 40 इंच म्हणजे मीटरभर होतो, इंजिनाची उंची दहाबारा सेंटिमीटर. एचओमध्ये अमेरिकन सेटचं ठरलेलं वळण 18 इंच त्रिज्येचं, युरोपियन त्याहून घट्ट, मार्कलिन या जर्मन कंपनीचं 36 सेंटिमीटर. एन तर अर्ध्या मीटरच्या गोलातसुद्धा मावते.

मग छोट्या घरात एन बेस्ट ना? नाही. इथे माझं मत अगदी पक्कं आहे. एनची गाडी टेबलावर फार सुंदर, पण जमिनीवर उभ्याने बघितली तर ती दिसतच नाही नीट, आणि झाडाची एक वाळकी सुई रुळावर आडवी पडली तरी तिच्यासाठी तो ओंडकाच असतो. एचओचंही थोडं तसंच आहे. बऱ्याच एचओ गाड्यांच्या चाकाची आतली कड, जिच्यामुळे चाक रुळावर टिकतं, ती एक मिलिमीटरही खोल नसते, त्यामुळे गालिच्यामुळे ट्रॅक जरासा वरखाली झाला किंवा एक जोड नीट बसला नाही की डबा घसरलाच, आणि तो परत रुळावर बसवायला पोटावर झोपून फांद्यांखाली हात घालावा लागतो. मुलं तर एकदा दोनदा हौसेने करतात मग गाडी तशीच पडून राहते. ओची चाकं मोठी, कड खोल, डबा हातात घेतला तर वजन जाणवतं, आणि पाच सहा वर्षांचं मूलसुद्धा तो स्वतःचा स्वतः रुळावर ठेवू शकतं. मुलाला तो डबा स्वतः ठेवता येणं, जोडता येणं, सोडवता येणं, यातच तर निम्मी मजा आहे ना, नुसतं लांबून बघत बसायला व्हिडिओ आहेतच की.

म्हणून जागा मीटर सव्वा मीटर मिळत असेल तर ओ. त्याहून खूप मोठी असेल आणि मनात असेल तर जी. जागा खरंच कमी असेल किंवा वर्षभर टेबलावर एचओ चालवतच असाल तर एचओ, पण मग खाली सपाट बोर्ड हवाच हवा.

बोर्डाबद्दल इथेच सांगून टाकते कारण हे ओलाही लागू आहे. गालिच्यावर थेट ट्रॅक टाकू नका. गालिच्याचे धागे, केस, मांजर कुत्रं असेल तर त्यांची लव, हे सगळं चाकांच्या आसांना गुंडाळतं आणि तिथून गिअरमध्ये जातं, मग इंजिन आधी आवाज करायला लागतं, नंतर गरम होतं, नंतर बंद. पातळ प्लायवूड किंवा जाड फोमबोर्ड खाली घातला की प्रश्न संपतो, वर पांढरं कापड अंथरा, बर्फ दिसेल (कापूस मात्र नको, त्याचे तंतू गालिच्यापेक्षा वाईट). उलट फरशी किंवा लाकडी जमीन असेल तर वेगळा त्रास, आजकालचे प्लास्टिकच्या पायावरचे ट्रॅक आतून पोकळ असतात आणि कडक जमिनीवर ते चांगलेच घुमतात, एवढे की बाजूला बसून बोलता येत नाही. खाली फेल्ट किंवा पातळ फोमची शीट टाकली की आवाज पुष्कळ खाली येतो.

आता रुळाचे प्रकार, आणि इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. ओ गेज म्हटलं की लायोनेलसारख्या गाड्यांना रूळ तीन असतात, मधल्या रुळातून करंट येतो, बाहेरच्या दोन्हीतून परत जातो. खऱ्या रेल्वेला तीन रूळ कुठे असतात असं म्हणून काहीजण नाक मुरडतात, पण याचा फायदा बघा, बाहेरचे दोन्ही रूळ एकाच बाजूचे असल्यामुळे ट्रॅक गोल वळवून परत त्याच लाईनला आणून जोडला तरी शॉर्ट होत नाही. दोन रुळांच्या गाडीत, म्हणजे एचओ वगैरेत, एका रुळावर प्लस आणि दुसऱ्यावर मायनस, तिथे असं वळण घातलं की प्लस जाऊन मायनसला भिडतो आणि सगळं ठप्प, त्यासाठी वेगळं वायरिंग करावं लागतं. साध्या गोलात हा प्रश्न येत नाही, पण मुलं पुढच्या वर्षी "आपण इथून असं वळवूया" म्हणणारच, तेव्हा येतो.

मार्कलिनचं अजून निराळं. त्यांची एचओ गाडी दिसायला दोन रुळांवर चालते पण मधे स्लीपरवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर, बारीक बारीक धातूचे ठिपके असतात, इंजिनाखाली एक पट्टी त्यांच्यावरून घासत जाते आणि करंट घेते, म्हणजे तिसरा रूळ लपवलेला आहे. त्यामुळे त्यांच्या डब्यांच्या डाव्या उजव्या चाकांमध्ये इन्सुलेशन नसतं, आणि असा डबा साध्या दोन रुळांच्या एचओ ट्रॅकवर ठेवला की लगेच शॉर्ट. दोन्ही एचओ, दोन्हीचं अंतर 16.5 मिमी, खोक्यावर तेच लिहिलेलं, तरी एकत्र चालत नाहीत. डबल ओ या ब्रिटिश साइझचं मात्र उलट, त्यातल्या हॉर्नबी कंपनीच्या गाड्या 76 पट लहान म्हणजे एचओपेक्षा किंचित मोठ्या, पण रुळाचं अंतर तेच आणि रूळही दोनच, त्यामुळे त्या एचओच्या साध्या ट्रॅकवर मजेत धावतात.

आणि एक, दुकानात "ट्री ट्रेन" म्हणून सगळ्यात पुढे मांडलेले जे सेट असतात त्यातले बरेच बॅटरीवर चालणारे, पूर्ण प्लास्टिकच्या रुळांचे असतात, कधीकधी नामांकित कंपनीचेच. वाईट नसतात ते, तीन चार वर्षांच्या मुलासाठी तर तेच योग्य, रुळात करंटच नाही त्यामुळे काळजी नाही, गाडीला प्लगची गरज नाही. फक्त हे समजून घ्या की ते रूळ खऱ्या ओ किंवा जीच्या ट्रॅकला जोडता येत नाहीत, म्हणजे पुढे वाढवायचं तर परत पहिल्यापासून. खोक्यावर "इलेक्ट्रिक" हा शब्द बघून थांबू नका, पॉवर कुठून येते ते वाचा, रुळातून की सेलमधून.

चालवायचं कसं हेही आता बदललंय. जुन्या पद्धतीत ट्रान्सफॉर्मरची मूठ फिरवली की व्होल्टेज वाढतो, गाडी पळते. दोन रुळांच्या डीसी गाडीत करंट उलटा केला की गाडी उलटी जाते, तीन रुळांच्या जुन्या एसी इंजिनात पॉवर क्षणभर तोडून परत दिली की आतली यंत्रणा पुढे, मग थांबा, मग मागे अशी पायरी बदलते. नव्या लायोनेल सेटमध्ये रुळात कायम 18 व्होल्ट सोडलेले असतात आणि वेग, शिट्टी, घंटा सगळं हातातल्या रिमोटवरून किंवा फोनवरून ब्लूटूथने. ट्रीखालच्या गाडीला मला हा रिमोट फार आवडतो, कारण ट्रान्सफॉर्मर भिंतीजवळ कुठेतरी मागे राहतो आणि मुलं सोफ्यावर बसून आळीपाळीने गाडी चालवतात, शिवाय हळू वेग फार छान मिळतो. पण घरात आजोबांच्या वेळचं इंजिन असेल आणि ते याच रुळावर फिरवायचं मनात असेल तर लक्षात ठेवा, त्याला हा कायमचा 18 व्होल्टचा सप्लाय चालणार नाही, त्याचा वेग कमी करायला काही साधनच उरत नाही आणि ते वळणावर सुसाट जाऊन उलटतं. त्याच्यासाठी मूठ फिरवायचा ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा लागतो. आणि जुना ट्रान्सफॉर्मर माळ्यावरून काढलात तर आधी त्याची वायर वाकवून बघा, वरचं आवरण कडक होऊन तडकलेलं असेल तर तो प्लगला लावूच नका, माहितगाराकडून वायर बदलून घ्या नाहीतर नवीन आणा.

जुन्या इंजिनांचा विषय निघालाच आहे तर. लायोनेल कंपनी 1900 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली आणि जोशुआ लायोनेल कावेनची पहिली विजेची गाडी मुळात खेळणं म्हणून नव्हतीच, दुकानाच्या काचेत लोकांचं लक्ष वेधायला म्हणून होती, डब्यात माल ठेवायचा आणि तो फिरता दाखवायचा. गिऱ्हाइकं माल सोडून गाडीच मागायला लागली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ट्रीखालच्या गाडीचं काम आजही तेच आहे, खोलीत येणाऱ्याची नजर खाली खेचायची. त्याच्याही आधी, 1891 मध्ये, जर्मनीत मार्कलिनने लाइपझिगच्या जत्रेत रुळ, गाडीचा मार्ग बदलायचे सांधे असं वाढवत नेता येणारं सगळं मांडलं होतं, म्हणजे एक सेट घ्या आणि दर वर्षी त्यात भर घालत जा ही कल्पना तेव्हापासूनची.

आणि ती भर घालायची असेल तर पहिल्याच वर्षी एक गोष्ट जपा, ट्रॅकची पद्धत एकच धरा. लायोनेलचा फासट्रॅक, जुना नळीचा ट्रॅक, एचओत बाखमनचा इझी ट्रॅक, काटोचा युनिट्रॅक, प्रत्येकाचे जोड वेगळे, मधे अडॅप्टरचा तुकडा लागतो नाहीतर अजिबात बसत नाहीत. इझी ट्रॅकमध्ये तर एकाच नावाखाली दोन प्रकार आहेत, काळ्या पायावर स्टीलचे रूळ आणि करड्या पायावर निकेल सिल्व्हरचे. जमलं तर करडाच घ्या, स्टीलवर गंज आणि काजळी लवकर धरते आणि मग गाडी झटके देत चालते. सरळ तुकडे घेताना जोडीने घ्या, कारण लंबगोलाच्या एका बाजूला एक टाकला की समोरच्या बाजूलाही टाकावाच लागतो, नाहीतर टोकं जुळत नाहीत. आणि मग जोड ओढूनताणून बसवायचा मोह होतो, तो टाळा, ताणलेल्या जोडावरच करंट तुटतो.

डब्यांबद्दल थोडं. खऱ्या अमेरिकन पॅसेंजर डब्याची लांबी 85 फूट, म्हणजे ओमध्ये पूर्ण मापाचा डबा 54 सेंटिमीटर होतो. हा डबा मीटरभराच्या गोलात फिरू शकत नाही, वळणावर त्याचं पोट आत शिरतं, टोकं बाहेर फेकली जातात आणि डबे एकमेकांना रुळावरून खाली ओढतात. म्हणून सेटमधले डबे आखूड केलेले असतात आणि ते तसेच चांगले दिसतात, ट्रीखाली मापाचा हट्ट धरू नका. जादा डबा घेताना मात्र तो किती व्यासाच्या वळणावर चालतो हे खोक्यावर लिहिलेलं असतं ते नक्की वाचा. माझी आवड विचाराल तर मालगाडी. छोटं वाफेचं इंजिन, मागे तीन चार वाघिणी, शेवटी लाल गार्डचा डबा. उघड्या वाघिणीत चॉकलेट ठेवता येतं, छोटी भेट ठेवता येते, चिठ्ठी ठेवता येते, पॅसेंजर गाडीत यातलं काही होत नाही. खिडक्यांत दिवे लागलेली पॅसेंजर गाडी रात्री अंधारात फार देखणी दिसते हे कबूल, पण दिवसभर खेळ मालगाडीत जास्त.

बजेट एकाच जागी घालायचं असेल तर इंजिनात घाला. पंचवीस झाडं, माणसं, सिग्नल, बाकडी असलेला सेट भरगच्च दिसतो पण त्यातलं इंजिन बहुतेकदा हलकं प्लास्टिकचं असतं, त्याला पकड नसते, चार डबे लावले की चाकं जागेवरच फिरतात. जड इंजिन, शक्यतो धातूचं, ते वर्षानुवर्षं टिकतं. घरं, पूल, माणसं पुढे घेता येतात किंवा पुठ्ठ्याची घरी करता येतात. पेनसिल्व्हेनियातल्या बेथलहेम गावच्या मोराव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांमध्ये नाताळला शेवाळ, लाकूड, छोट्या बाहुल्या मांडून ख्रिस्तजन्माचा अख्खा देखावा करायची जुनी रीत आहे, ट्रीखालच्या गावांचं मूळ बरेच जण तिथे शोधतात, आणि तो देखावा सगळा हातानेच मांडलेला असायचा.

धूर सोडणारं इंजिन घेतलंत तर मजा आहेच, फक्त धुराचं तेल थेंबांनी मोजून घाला. जास्त झालं तर ते रुळावर सांडतं आणि चाकं घसरायला लागतात, आणि अजिबात नसताना धुराचं बटण चालू ठेवलं तर आतली तापणारी तार जळून जाते. इंजिनाच्या एक दोन चाकांवर पकडीसाठी रबरी रिंग असते, ती कधीतरी सैल होते, एखादी जादा रिंग आधीच घेऊन ठेवा कारण ऐन नाताळात ती कुठेच मिळत नाही.

आता जपायच्या गोष्टी. चमकत्या पन्नीच्या झिरमिळ्या झाडाला लावायच्या असतील तर खालच्या फांद्यांना नको, त्यावर धातूचा थर असला आणि एक पट्टी रुळांवर आडवी पडली की शॉर्ट. खरं झाड असेल तर स्टँडमध्ये रोज पाणी घालावं लागतं, तेव्हा ट्रान्सफॉर्मर झाडाखाली ठेवायचाच नाही, लांब आणि जमिनीपासून वर, आणि पाणी घालताना प्लग काढलेला. सगळं एका बटणाच्या एक्स्टेंशन बोर्डावर घेतलं तर खोलीतून बाहेर पडताना एका झटक्यात बंद करता येतं. कोणी बघत नसताना गाडी फिरत ठेवायची नाही, हा आमच्या घरचा नियम आहे आणि तो मी पाहुण्यांसाठीही मोडत नाही. खूप वेळ सलग चालली की इंजिनाला हात लावून बघायचा, चांगलं तापलं असेल तर विसावा द्यायचा.

गाडी झटके द्यायला लागली तर दहातल्या नऊ वेळा रूळ आणि चाकं मळलेली असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पॉवर बंद करून पुसा, वाळू द्या, मग चालू करा. भांडी घासायची स्टीलची जाळी चुकूनसुद्धा नको, तिचे बारीक कण मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि मोटर कायमची जाते. झाडाची सुयांसारखी पानं रोज झाडून घ्या, राळेचा थेंब रुळावर पडला असेल तर तोही अल्कोहोलने निघतो. गोल मोठा असेल आणि गाडी लांबच्या टोकाला मंदावत असेल तर तिथे आणखी एक वायरची जोडी नेऊन जोडा, प्रत्येक जोडावर थोडा थोडा व्होल्टेज गळत जातो त्यामुळे असं होतं.

मांडताना आधी झाड उभं करा, पाणी घाला, मग बोर्ड, कापड, ट्रॅक, आणि दागिने लावायच्या आधीच रिकामं इंजिन पाच सात फेऱ्या फिरवून घ्या, कुठे अडतंय ते तेव्हाच कळतं. मग सगळ्यात लांब डबा एकटा हाताने ढकलत पूर्ण गोल फिरवा, स्टँडच्या पायाला किंवा भिंतीला टेकतो का बघा. गिफ्ट्स ठेवताना रुळापासून चार बोटं तरी लांब, वळणावर त्याहून जास्त. सहा जानेवारीनंतर आवरताना चाकं पुसून, सेल असतील तिथले सेल काढून (रिमोटमधले विसरतात सगळे), मूळ खोक्यात ठेवा, माळ्यावर नाही तर कोरड्या कपाटात, आणि पॉवर जोडायचा तो एक वेगळा ट्रॅकचा तुकडा वायरसकट ट्रान्सफॉर्मरच्याच पिशवीत घाला, म्हणजे पुढच्या डिसेंबरला शोधाशोध नको.